भट्टीपाशी परत

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. इंदूरजवळच्या मानपुरच्या सरकारी शाळेत आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचे. सगळी शाळा त्यांना मॅडम म्हणायची. मी एकटाच बाई म्हणायचो, कारण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला व्हरांड्यात थांबवून विचारलं होतं, "घरी काय बोलता रे?" मी म्हणालो, "मराठी." त्या म्हणाल्या, "मग मला बाई म्हण. कानाला बरं वाटेल."

त्या इंदूरच्या, बडा गणपतीच्या देवळाजवळच्या. रोज बसने यायच्या आणि बसनेच जायच्या. पर्समध्ये डब्याबरोबर लिटमस कागद असायचे, कारण शाळेच्या कपाटातले कधीच संपले होते.

माझे वडील हायवेवरच्या एका ढाब्यावर आचारी होते. ढाबा दुसऱ्याचा, भट्टी त्यांची. आजोबा खानदेशातून रस्त्याच्या कामावर आले आणि इथेच राहिले, म्हणून आमच्या घरात मराठी, ढाब्यावर हिंदी आणि शिव्या इथल्या मालवी बोलीत. मी अकरावीत असताना वडिलांचा मदतनीस एकाएकी निघून गेला. मालक म्हणाला, "लड़का है ना तुम्हारा, खड़ा कर दो उसको." मी उभा राहिलो. शाळा सुटली. खरं लिहायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. सेव-टमाटरच्या भाजीत सेव कधी टाकायची, आधी टाकली तर लगदा होतो आणि उशिरा टाकली तर कोरडी राहते, हे मला कुणी न सांगता कळायला लागलं होतं. हे मी तेव्हा कोणाजवळ बोललो नाही.

एका दुपारी बाई घरी जाताना ढाब्यापाशीच बसमधून उतरल्या. ट्रकवाल्यांच्या मधे एका खाटेवर बसल्या आणि चहा मागवला. वडील हात पुसत बाहेर आले.

"मुलगा कुठेय?" बाईंनी विचारलं.

"आत आहे ना, बाई. हाताला चव आहे हो त्याच्या. पटकन शिकेल."

"शिकेल तो शाळेत. उद्या आला नाही तर मी रोज इथे फळा टांगून शिकवीन. तुमच्या गिऱ्हाइकांना चालेल का विचारा."

शेजारच्या खाटेवरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "चलेगा मैडम, हम भी पढ़ लेंगे." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाहेर बोलावलं, हात पुढे करायला लावले. उजव्या मनगटावर तंदूरच्या काठाचा ताजा चटका होता. तो बघून त्या म्हणाल्या, "म्हण, परत ह्या भट्टीपाशी उभा राहणार नाही."

मी म्हटलं. वडिलांसमोर, त्या ड्रायव्हरसमोर, मालकासमोर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. त्या दिवशी अमोनियाचा धडा होता. बाईंनी बाटलीचं बूच काढलं, बाटली लांब धरली आणि दुसऱ्या हाताचा पंजा थोडा वाकवून बाटलीच्या तोंडावरून वाफ हळूहळू स्वतःकडे ओढली, मांजराला जवळ बोलवावं तशी. "वास असा घ्यायचा," त्या म्हणाल्या. "नाक बाटलीवर नेलंत तर नाक गमवाल." मग प्रत्येकाकडून तसं करून घेतलं. माझा हात चुकला तेव्हा माझं मनगट, चटका सांभाळून, स्वतःच्या हातात धरून फिरवलं.

पुढचं सगळं त्यांच्यामुळेच झालं. बारावीनंतर इंदूरच्या कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरून घेतला. पहिली वर्षं मी त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा मिळाली ती मला, आणि तो कागद मी आधी बाईंना दाखवला, मग वडिलांना. वडिलांनीच तसं सांगितलं होतं. मग एम.एस्सी., मग पीएच.डी., मग इंदूरबाहेर राऊच्या बाजूला एका खासगी कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी. बाई शेजारपाजारी माझी ओळख करून द्यायच्या तेव्हा नाव सांगतच नसत. "हे आमचे प्रोफेसर," असं म्हणायच्या.

दर गुरुपौर्णिमेला मी सोनचाफ्याची फुलं आणि पेढे घेऊन त्यांच्याकडे जातो. त्यांची एक पद्धत आहे. मी वाकलो की त्या पाय मागे घेतात आणि विचारतात, "आधी सांग, या वर्षी नवीन काय शिकवलंस?" मग तिथे, दिवाणखान्यात उभं राहून, ते त्यांना शिकवून दाखवावं लागतं. त्या मधे मधे मुद्दाम ढ मुलासारखे प्रश्न विचारतात. समाधान झालं की पाय पुढे करतात आणि डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "खूप शिकव."

लॉकडाउनमध्ये मी घरून शिकवत होतो. पडद्यावर मुलांच्या नावांचे काळे चौकोन, आवाज माझा एकट्याचा. एकदा प्रथिनांचा धडा चालला होता आणि पलीकडे कुणी आहे की नाही तेच कळेना. मी फोन उचलून स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर डब्यांना टेकवून ठेवला आणि कढी करायला घेतली. नुसतं ताक तापवलं की का फाटतं, बेसन लावलं की का फाटत नाही, हे करून दाखवलं. एकेक काळा चौकोन उघडायला लागला. एका मुलीची आई मागून म्हणाली, "सर, हींग कब डालना?" मला आठवतं, त्या दिवशी मी खूप खूश होतो आणि मनगट झोंबत असल्यासारखं वाटत होतं. जुना चटका कधीच बरा झाला होता.

बायकोनं ते पुन्हा करून इंटरनेटवर टाकायला लावलं. ती शाळेत शिकवते, तिला धीर माझ्यापेक्षा जास्त. मग दाल-बाफले, मग भुट्ट्याचा कीस, मग ढाब्याची सेव-टमाटर. लोक बघायला लागले. इकडे कॉलेजात रसायनशास्त्राला मुलं येईनाशी झाली. उन्हाळ्यात आम्हाला बारावीच्या मुलांच्या घरी फोन करायला बसवायचे, आमच्याकडे या म्हणून विनवायला. पण कॉलेजला दोष देऊन मी सुटणार नाही. मला ओट्यापाशी उभं राहायचं होतं, हे खरं कारण. दिवाळीची सुट्टी संपली आणि मी राजीनामा दिला.

प्राचार्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, सब्ज़ी बनाने के लिए पीएच.डी. की थी?" ते वाईट माणूस नव्हते. दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घर में सबसे पूछ लिया ना?"

सबसे विचारलं नव्हतं. बाईंना विचारलं नव्हतं.

नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी सवयीने शर्टाला इस्त्री केली, घातला, आणि मग आठवलं की कुठे जायचं नाही. शर्ट तसाच अंगावर ठेवून मी कांदे चिरले. तेव्हापासून भीती घरातच राहायला आली. सकाळी डोळे उघडण्याआधी हात फोनकडे जातो, काल किती लोकांनी बघितलं ते बघायला. आकडा खाली आला की काय चुकलं ते शोधायला मी कालचा व्हिडिओ पुन्हा बघतो. वर गेला तरी भीती तीच, कारण आता तो खाली येणार. लोकांना कंटाळा आला तर? ज्या कंपनीच्या साइटवर हे व्हिडिओ चालतात तिने उद्या काही बदललं तर? एखादी चुकीची गोष्ट सांगितली आणि कुणाच्या पोटाला बाधली तर? महिन्याच्या सुरुवातीला पगाराचा मेसेज यायचा, त्या दिवशी आता फोन गप्प असतो आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळतो. घर बायकोच्या पगारावर चालतं. ती काही बोलत नाही, म्हणून मला जास्त भीती वाटते.

आणि ह्या सगळ्यांच्या खाली एक भीती होती, तिच्यापुढे बाकीच्या काहीच नव्हत्या. बाईंना कळेल.

म्हणून मी पहिल्या व्हिडिओपासून लपलो. व्हिडिओत चेहरा नाही, फक्त हात. मनगटावरचा डाग दिसू नये म्हणून उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट. आवाज माझा नाही. मी लिहून देतो आणि बायको शाळेतून आल्यावर बोलते. बघणारे खाली लिहितात, "हाथ भैया के, आवाज़ भाभी की, जोड़ी बनी रहे." बायको हसते. "अहो, लोकांनी बरोबर पकडलं. मी नुसती बोलते आणि तुम्ही राबता. सच में, असा नवरा सगळ्यांना मिळो." मग म्हणते, "पण हे लपवणं कधीपर्यंत चालणार?"

समोरच्या फ्लॅटमधल्या आंटीपासून तर लपणं शक्यच नव्हतं. एक दिवस त्यांनी जिन्यात गाठलं. "क्या भिया, आजकल कॉलेज नी जा रिये? और ये दिन भर तड़का किसका लग रिया है? टिफिन सेंटर खोल लिया क्या?"

"नहीं आंटी, छुट्टी चल रही है."

"इतनी लंबी छुट्टी? हमारे वाले को भी दिला दो."

वडिलांना मात्र सांगितलं. ते आता काम करत नाहीत, गुडघे गेलेत, मानपुरच्या घरी ओसरीत बसून असतात. मी म्हणालो, "बाबा, मी कॉलेज सोडलं. स्वयंपाकाचे व्हिडिओ करतो."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "भट्टीवर?"

"गॅसवर."

"तेच ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंस? दिवाळीला त्यांचा फोन येतो. आता मलाही खोटं बोलावं लागेल." माझ्या वडिलांना मी मालकासमोर, पोलिसासमोर, पेटलेल्या भट्टीसमोर कधी घाबरलेलं बघितलं नाही. बाईंच्या फोनला ते घाबरले.

गुरुपौर्णिमा आली. मी ठरवलं होतं की आज सांगायचं. बडा गणपतीच्या चौकात स्कूटर लावून फुलांची पुडी हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. फुलवाल्याने विचारलं, "और कुछ चिये भिया?" तेव्हा निघालो.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. हल्ली त्यांना ऐकायला कमी येतं, जवळ जाऊन बोलावं लागतं. त्यांची सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "या दादा, तुमचीच वाट बघत होत्या सकाळपासून." मी वाकलो. पाय मागे गेले.

"आधी सांग, या वर्षी नवीन काय शिकवलंस?"

मी सगळं पाठ करून आलो होतो. बाई, मी कॉलेज सोडलं, असं पहिलं वाक्य होतं. ते तोंडातून आलंच नाही. मी म्हणालो, "कढी का फाटते ते शिकवलं."

बाईंचे डोळे चमकले. "दाखव शिकवून."

मी शिकवलं. ताकातली प्रथिनं गरम झाली की आकसतात, एकमेकांना चिकटतात, पाणी सोडतात. बेसनाचा स्टार्च त्यांच्या मधे जाऊन बसतो आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. बाईंनी ढ मुलासारखं विचारलं, "मग मीठ आधी घातलं तर काय बिघडतं?" मी तेही सांगितलं. बोलता बोलता मी विसरूनच गेलो होतो की मी कुठे आहे. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या वर्गाला शिकवलंस हे?"

मी फुलांची पुडी सोडायला लागलो.

इतक्यात सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अय्या दादा, डिट्टो असंच त्या व्हिडिओत सांगितलंय! ती मीठवाली गोष्टसुद्धा. माझ्या आईला तर तो चॅनेल इतका आवडतो ना. थांबा, लावते." मी "राहू द्या हो" म्हणेपर्यंत समोरचा टीव्ही लागला होता.

पडद्यावर माझा ओटा आला, मोठा, भिंतभर. माझी कढई. पूर्ण बाह्यांमधले माझे हात. बायकोचा आवाज, जो बाईंना अर्धाच ऐकू येत होता. मी कपबशी धरून बसलो आणि स्वतःला सांगत राहिलो की चेहरा नाही, आवाज नाही, डाग नाही. काही कळणार नाही. कढी उकळायला आली. हिंगाची फोडणी पडली. आणि पडद्यावरचा माझा उजवा हात उचलला गेला, पंजा थोडा वाकला, आणि कढईवरून वाफ हळूहळू स्वतःकडे ओढू लागला.

मी हे करतो हे मला माहीत नव्हतं. इतके व्हिडिओ केले, प्रत्येक पुन्हा पुन्हा बघून कापला, जोडला, आणि ते मला कधी दिसलंच नाही.

बाई पुढे वाकल्या. चष्मा वर केला. "परत लाव ते," त्या सुनेला म्हणाल्या. तिने परत लावलं. हात परत वर गेला, वाफ परत ओढली.

"असा वास घ्यायला ह्याला कुणी शिकवलं असेल गं?" बाईंनी विचारलं.

"कुकिंग क्लासमध्ये शिकवत असतील."

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "हिंग कमी वाटतंय." आणि मग मला, "चहा गार होतोय तुझा."

मी चहा प्यायलो. तो गारच झाला होता. निघताना वाकलो तेव्हा त्यांनी पाय पुढे केले, डोक्यावर हात ठेवला. मी वाट बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "सावकाश जा. रस्ते ओले आहेत."

एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या "खूप शिकव" म्हणाल्या नाहीत.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी ओळखलं." मी म्हणालो, "कदाचित नसेल ओळखलं." ती म्हणाली, "ह्यातल्या कशाची तुम्हाला जास्त भीती वाटते, ते आधी ठरवा." फोनवर बाईंशी मोठ्याने बोलावं लागलं असतं आणि ते सगळ्या घराने ऐकलं असतं. परत जाऊन समोर उभं राहण्याची हिंमत नव्हती. म्हणून मी पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं. ते असं.

बाई,

पाया पडतो. तुम्ही पाय मागे घेतले असतील तरी पडतो.

तुम्ही विचारलंत, कुठल्या वर्गाला शिकवलंस. वर्ग नाही. दिवाळीनंतर मी कॉलेज सोडलं. आता मी घरी स्वयंपाक करतो आणि तो लोकांना दाखवतो, हेच काम. सूनबाईंनी जे लावलं त्यातले हात माझे होते. तुम्ही बहुतेक ओळखले. मी मात्र स्वतःचे हात तुमच्या घरी पहिल्यांदा नीट बघितले.

तुमच्यासमोर मी म्हटलं होतं की परत भट्टीपाशी उभा राहणार नाही. आता रोज उभा राहतो. वडिलांना हे माहीत आहे आणि त्यांना तुमच्या दिवाळीच्या फोनची धास्ती वाटते. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना गप्प राहायला मीच लावलं.

तुमच्याशी वाद घालायला मी हे लिहीत नाही. त्या दुपारी तुम्ही उतरला नसतात तर मी आजही त्याच ढाब्यावर असतो आणि कढी का फाटते हे मला कधी कळलं नसतं. फाटली की मालकाच्या शिव्या खाल्ल्या असत्या, एवढंच. पण एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली ती आज सांगतो. मला तिथे उभं राहणं आवडत होतं. तुम्ही म्हणायला लावलंत तेव्हा मी म्हटलं, कारण तुमची भीती वाटत होती, आणि कुणीतरी माझ्यासाठी बसमधून उतरलं ह्याचा आनंदही झाला होता. दोन्ही खरं होतं.

आता सगळ्याचीच भीती वाटते. हे चाललं नाही तर कॉलेजात परत कुणी घेणार नाही. बायको किती दिवस सांभाळेल, तिने का सांभाळावं. पण हे सगळं सोसता येईल. शेजारी तुम्हाला विचारतील की तुमचे प्रोफेसर कसे आहेत, आणि तुम्हाला काय सांगावं ते कळणार नाही, त्याची भीती सोसत नाही.

तुम्ही या वेळी "खूप शिकव" म्हणाला नाहीत. जिन्यात मी स्वतःची समजूत घालत होतो की विसरला असाल. तुम्ही विसरत नाही.

हिंग कमी होतं, खरं आहे. फोडणीत जळेल म्हणून घाबरून कमी टाकलं.

पुढच्या गुरुपौर्णिमेला मी येईन. तुम्ही पाय मागे घेऊन विचारलंत तर जे शिकवलं असेल ते उभं राहून सांगेन, आणि त्या वेळी कुठल्या वर्गाला तेही सांगेन. विचारायचं नसेल तर सूनबाईंकडून तेवढं कळवा. मी घंटी वाजवणार नाही. फुलं दारात ठेवून जाईन.

तुमचा, मानपुरचा